पोर्तुगालला जायचंय? व्हिसापासून परतीच्या विमानापर्यंतची तयारी

स्पेनच्या सहलीला शेवटी दोन दिवस लिस्बन जोडून देणारी पॅकेजं बाजारात भरपूर आहेत. त्या दोन दिवसांत लोक एक मठ बघतात, एक कस्टर्ड टार्ट खातात, एका चढावर दमतात आणि ‘पोर्तुगाल झालं’ म्हणून परततात. माझं स्पष्ट मत आहे की पोर्तुगालला स्वतंत्र जावं, किमान नऊ-दहा दिवस द्यावेत आणि मुक्कामाची ठिकाणं तीनच्या वर नेऊ नयेत. देश आकारानं महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान, रेल्वे चांगली, लोक मदतीला तत्पर आणि शहरांत इंग्रजी बोलणारे पुष्कळ. एजंटाशिवाय, घरच्या घरी आखता येईल अशी ही सहल आहे. आई-वडील, मुलं आणि घरात निम्मे शाकाहारी, अशा कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

आधी महिना ठरवा

एप्रिल ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. आपली मे महिन्याची सुट्टी इथे नेमकी जुळते. हवा सुखद, आणि मेच्या अखेरीस सूर्य नऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे दिवस हाताशी भरपूर राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या आलेंतेजू भागात पारा चाळिशी ओलांडतो, मध्य आणि उत्तर भागात वणवे लागतात आणि निम्मा युरोप त्याच वेळी समुद्रावर आलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर छत्री घ्या. नोव्हेंबरपासून तिकडे पावसाळा, आणि पोर्तोमध्ये तो लिस्बनपेक्षा जास्त.

जूनमध्ये जाणाऱ्यांनी दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. 12 जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत आंतोनियोचा आणि 23 जूनच्या रात्री पोर्तोमध्ये संत जुआंवचा उत्सव असतो. गल्ल्यागल्ल्यांत सार्डिन मासे भाजले जातात आणि पोर्तोत लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे हातोडे आपटतात. बघायला फार मजा येते, पण खोल्या कित्येक महिने आधी भरतात आणि त्या रात्री झोप मिळत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर दोन्ही तारखा टाळा किंवा मुक्काम गावाबाहेरच्या बाजूला घ्या.

व्हिसा

पोर्तुगाल शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. सर्वांत जास्त रात्री ज्या देशात काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. पोर्तुगालसाठी अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात घेतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि नियमानं किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघायला लागा, कारण मार्चनंतर अख्खी मुंबई आणि पुणं त्याच रांगेत असतं. प्रौढांना 90 युरो शुल्क, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेपुढे तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं. बाकी कागदपत्रांत घोळ होतो तो बहुतेक तारखांचा. विमानाचं आरक्षण, हॉटेलं, विमा आणि रजेचं पत्र या चारही ठिकाणी तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. अर्जासोबत जोडायच्या पत्रात कोणत्या रात्री कुठे, हे तक्त्यात लिहा. बँक खात्यात अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम भरू नका. मुलीनं किंवा मुलानं आई-वडिलांचा खर्च करायचा असेल, तर तसं पत्र आणि नातं दाखवणारा दाखला जोडा. निवृत्त आई-वडिलांच्या अर्जात पेन्शनचे कागद आणि घराची कागदपत्रं ठेवा.

विमान आणि मुक्कामाची मांडणी

मुंबईहून लिस्बनला बहुतेक जण दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे जातात. जमलं तर लिस्बनला उतरून पोर्तोहून परत निघायचं तिकीट काढा. बुकिंगच्या साइटवर त्याला ‘मल्टि-सिटी’ म्हणतात. त्यानं तीन तासांचा उलटा प्रवास आणि जवळजवळ एक दिवस वाचतो. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर ब्रिटनचे ट्रान्झिट व्हिसाचे नियम वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

दहा दिवसांची माझी पसंतीची मांडणी अशी: लिस्बनमध्ये पाच रात्री, वाटेत कोइंब्रात एक आणि पोर्तोमध्ये तीन. सिंत्रा हे राजवाड्यांचं गाव लिस्बनहून, दोरू नदीचं खोरं पोर्तोहून, दोन्ही एका दिवसात जाऊन-येऊन होतात. समुद्राची ओढ असेल तर कोइंब्रा सोडून दक्षिणेला लागुशला दोन-तीन रात्री द्या. तिथले पिवळे कडे सुंदरच आहेत. मात्र गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं, की अटलांटिकचं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं, आणि पश्चिम किनाऱ्यावर ओढही जबरदस्त असते. लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका.

लिस्बनमध्ये खोली कुठे घ्यायची, यावर ज्येष्ठांची सहल अवलंबून असते. आल्फामा ही फोटोंतली जुनी वस्ती म्हणजे जिने, चढ आणि लिफ्ट नसलेल्या इमारती. तिथे फिरायला जा, राहायला नको. बायशा हा मधला भाग 1755 च्या भूकंपानंतर नव्यानं आखून बांधलेला, म्हणून रस्ते सरळ आणि सपाट. तिथे महाग वाटलं तर सालदान्या किंवा साओ सेबास्तियाओच्या बाजूला मेट्रोलगत घ्या. बुकिंग करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारा: लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी दहा पायऱ्या चढाव्या लागतात. शिवाय शहराचा पर्यटन कर वेगळा भरावा लागतो. लिस्बनमध्ये 13 वर्षांवरील प्रत्येकी एका रात्रीला 4 युरो (सात रात्रींपर्यंत), पोर्तोमध्ये 3 युरो.

बॅगेत काय नको

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. ताजी फळं आणि पालेभाजीलाही बंधन आहे, त्यामुळे नातेवाइकांसाठी हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची जुडी नेऊ नका. चिवडा, भाकरवडी, मेतकूट, कोरड्या चटण्या आणि तेलातलं लोणचं चालतं. लोणच्याची बरणी अर्थातच मोठ्या बॅगेत. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केबिनच्या पिशवीत. आपला दोन बारीक पिनांचा प्लग तिथे बसतो, तीन पिनांचा बसत नाही, म्हणून लॅपटॉपसाठी अडॅप्टर लागतो.

सगळ्यांत महत्त्वाचे बूट. तिथले पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे असतात, वर्षानुवर्षांच्या वापरानं गुळगुळीत झालेले. पावसाच्या दोन थेंबांनी ते शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. रबरी, पकड असलेल्या तळव्याचे, आधी महिनाभर वापरून सैल झालेले बूट न्या. कडक तळव्याच्या नव्या चपला घालून त्या उतारावर चालणं धोक्याचं आहे.

उतरल्यावर

12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमांवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. लिस्बन विमानतळावर बाहेरच्या देशांच्या पासपोर्टची रांग लांब लागते, तेव्हा पहिल्या दुपारी वेळ ठरलेलं कोणतंही तिकीट काढून ठेवू नका. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणाहून आलात, तर ही तपासणी तिथेच होते. दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा.

विमानतळावरून शहरात मेट्रोची लाल मार्गिका येते. मशीनवर ‘नावेगांते’ कार्ड घ्या, अर्ध्या युरोचं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात ‘झॅपिंग’ नावानं पैसे भरले की मेट्रो, बस, ट्राम, फेरी आणि सिंत्राची लोकल, सगळीकडे चालतं. ट्राममध्ये चढून रोख तिकीट काढलं तर जवळजवळ दुप्पट पडतं. सामान जास्त असेल तर उबर किंवा बोल्ट मागवा, दोन्ही तिथे सर्रास चालतात.

लिस्बन: वारांचं गणित

जेरोनिमुश मठ आणि बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. म्हणून सोमवारी लोक सिंत्राला लोटतात आणि तिथे पाऊल ठेवायला जागा राहत नाही. तुम्ही सोमवारी आल्फामा चाला. सकाळी सांता लुझियाच्या सज्जावरून सुरुवात करून खाली उतरत या. संध्याकाळी काइश दु सोद्रे धक्क्यावरून फेरीनं दहा मिनिटांत पलीकडच्या कासिल्याशला जा. लोकलच्या भाड्यात नदीतून अख्खं लिस्बन दिसतं, महागड्या बोटसफरीची गरज पडत नाही.

28 क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामचं फार कौतुक ऐकलेलं असतं. ती मार्तिं मोनिझ चौकात पकडायला गेलात तर तासभर रांग, आणि गर्दीत खिसेकापू. ती दुसऱ्या टोकाहून, कांपु द ओरीकच्या स्मशानाजवळच्या थांब्यावरून, सकाळी लवकर धरा, बसायला जागा मिळते. पिशवी पोटाशी, मोबाइल आत. चढावरच्या ग्लोरिया फ्युनिक्युलरला (दोरानं ओढल्या जाणाऱ्या गाडीला) 3 सप्टेंबर 2025 रोजी भीषण अपघात झाला, त्यात 16 जणांचा जीव गेला आणि शहरातल्या फ्युनिक्युलर बंद ठेवण्यात आल्या. जुने व्हिडिओ बघून त्यांच्या भरवशावर रस्ता आखू नका.

नदीकाठच्या बेलें भागासाठी एक अख्खी सकाळ ठेवा. तिथल्या जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये, आत शिरताच, वास्को द गामाची कबर आहे. 1524 मध्ये तो कोचीत मेला, आधी तिथेच पुरला गेला, मग अवशेष पोर्तुगालला नेले. चर्चला तिकीट नाही, आतल्या चौकाला आहे, आणि दोन्हींच्या रांगा वेगळ्या. चुकीच्या रांगेत उभे राहणारे खूप दिसतात, आधी विचारून घ्या. तिथून चालत बेलेंच्या बुरुजाकडे जा. आत जायला मिळालं नाही तरी बाहेरून एक गोष्ट जरूर शोधा. बुरुजाच्या कोपऱ्यावरच्या एका छोट्या घुमटीखाली, आधाराच्या दगडात, गेंड्याचं झिजलेलं तोंड कोरलेलं आहे. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात तो इथे, याच किनाऱ्याला उतरला. एवढ्या लांबच्या समुद्रप्रवासातून तो जिवंत पोचला, याचं मला कायम आश्चर्य वाटत आलं आहे. आपल्या किनाऱ्याशी या शहराचा संबंध किती थेट होता, हे मोठ्या स्मारकांपेक्षा त्या झिजलेल्या दगडात मला जास्त जाणवतं. हाच धागा पुढे धरायचा असेल तर आल्कांतारामधलं ‘मुझेउ दु ओरिएंते’ बघा. गोव्यातलं लाकूडकाम, हस्तिदंती मूर्ती आणि पोर्तुगीजांच्या आशियातल्या वावराचा पसारा तिथे नीट मांडलेला आहे, आणि गर्दी नसते.

सिंत्रा

रोसिऊ स्थानकातून लोकलनं चाळीस मिनिटं. नऊच्या आत सिंत्राला पोचा. पेना राजवाड्याचं तिकीट ऑनलाइन, वेळ निवडून काढायचं. इथे फसगत होते ती अशी: तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नसते. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, अर्धा तास धरा, गुडघे दुखणाऱ्यांनी आतली छोटी बस घ्यावी. स्थानकापासून वर जाणाऱ्या 434 बसलाही गर्दी असते, म्हणून तिकिटावरच्या वेळेच्या दीड तास आधी स्थानकावर असणं बरं. वर ढग आणि गार वारा असतो, लिस्बनमध्ये ऊन असलं तरी स्वेटर न्या. पेना, मूरांचा (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचा) किल्ला, रेगालेइराचा वाडा आणि बाग, आणि काबु दा रोका हे भूशिर, हे सगळं एका दिवसात कोंबू नका. पेना आणि रेगालेइरा पुरेत. गर्दी नकोच असेल तर मोन्सेराते. हिंदुस्थानी आणि मूर नक्षीकामाचा तो महाल आणि त्याची बाग ज्येष्ठांना पेनापेक्षा जास्त आवडते.

रेल्वे

सीपी ही सरकारी रेल्वे. लिस्बनच्या सांता आपोलोनिया किंवा ओरिएंते स्थानकातून पोर्तोला साधारण तीन तास लागतात. ‘आल्फा पेंदुलार’ जलद, ‘इंतेरसिदादेश’ जरा स्वस्त. वेळेत फरक थोडा, पैशांत बरा. आधी काढलं तर मोठी सवलत मिळते, पण ती तिकिटं बदलायला अवघड. 65 वर्षांवरील प्रवाशांना पासपोर्ट दाखवून निम्मं भाडं पडतं, विदेशी असले तरी. जाण्याच्या आठवड्यात ‘ग्रेव’ म्हणजे संपाची बातमी आहे का, तेवढं पाहा. तिथे रेल्वेचे संप अधूनमधून होतात आणि आगाऊ जाहीर होतात. तेव्हा ‘रेद एश्प्रेसुश’च्या बस कामी येतात.

कोइंब्राला उतरलात तर विद्यापीठ बघायचं. स्थापना 1290 ची. जुआनिना ग्रंथालयाचं तिकीट मिनिटाच्या हिशेबानं असतं, उशीर झाला तर आत घेत नाहीत. त्या लाकडी सोनेरी दालनात वटवाघळं राहतात आणि रात्री पुस्तकं खाणारे किडे टिपतात. म्हणून रोज संध्याकाळी टेबलांवर चामडं अंथरतात आणि सकाळी विष्ठा झाडून काढतात. मुलांना सांगा, बाकी सगळं विसरतील पण हे विसरणार नाहीत.

पोर्तो आणि दोरू

गाड्या कांपान्या स्थानकात येतात, तिथून लोकलनं पाच मिनिटांत साओ बेंतो. त्या स्थानकाच्या भिंतींवर सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत, सामान बाजूला ठेवून आधी ती बघा. दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून नदीपलीकडच्या गाया या शहरात चालत जा आणि खालच्या मजल्यावरून परत या. उलट केलंत तर चढ चढावा लागतो. गायामधल्या पोर्ट वाइनच्या कोठारांची फेरी न पिणाऱ्यांनीही करावी, ओळीनं लावलेली मोठाली पिंपं आणि तो थंड काळोख बघण्यासारखा आहे.

दोरूच्या खोऱ्यात बसटूरनं जाण्याऐवजी रेल्वेनं पिन्यांव या गावी जा, अडीच तासांच्या आसपास लागतात. जाताना उजव्या बाजूला बसा. पहिला तासभर काही विशेष नाही, मग रूळ नदीला येऊन भिडतो आणि पिन्यांवपर्यंत पाणी खिडकीखालीच राहतं, पलीकडे डोंगरभर द्राक्षांच्या पायऱ्या. परतीची गाडी कितीची, हे उतरल्याबरोबर फलकावर बघून घ्या, गाड्या मोजक्याच आहेत.

खाणं

टेबलावर बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात. नको असेल तर हसून परत पाठवा. न मागवलेल्या आणि हात न लावलेल्या पदार्थाचे पैसे घ्यायला तिथल्या कायद्यानं मनाई आहे. दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ताट, स्वस्त आणि भरपूर. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. ‘मैया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट, ती बहुतेकदा एकाला पुरते.

शाकाहाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नये, कारण ट्यूना घातलेलं सॅलड ‘मांस नाही’ म्हणून पुढे येऊ शकतं. ‘सें कार्न, सें पेश’ म्हणजे मांस नको, मासे नको. अंडं नको असेल तर ‘सें ओवुश’. ‘काल्दु व्हेर्द’ या हिरव्या सुपात सॉसेजची चकती असते, ‘तोश्ता मिश्ता’त हॅम असतं. भाजीचं सूप, टोमॅटोचा भात, बटाटे, चीज टोस्ट, फळं यांवर दिवस निघतो. प्रसिद्ध ‘पाश्तेल द नाता’त अंड्याचा बलक असतो, हे आजींना आधी सांगा. लिस्बनच्या कॅफेंत ‘शामुसा’ दिसेल, दिसायला आपला सामोसाच, गोवा आणि मोझांबिकमार्गे आलेला, पण आत बहुधा खिमा.

घरचं जेवण आठवायला लागलं की मार्तिं मोनिझ गाठा. तिथे डाळ, तांदूळ, पीठ, मसाले सगळं मिळतं. लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, त्यांच्या उपाहारगृहात शाकाहारी गुजराती थाळी मिळते. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर रात्री मुगाची खिचडी आणि बाहेर एकच जेवण, हा बेत खिशाला आणि पोटाला दोन्हींना मानवतो. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

पैसे आणि सावधगिरी

पैसे ‘मुल्तीबांकु’ लिहिलेल्या एटीएममधूनच काढा. पर्यटकांच्या गर्दीत उभी असलेली वेगळ्या रंगाची खासगी मशीनं जास्त शुल्क लावतात. मशीननं ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारलं तर नाही म्हणा, युरोंतच व्यवहार करा. छोट्या कॅफेंत बाहेरच्या देशांतली कार्डं कधी चालत नाहीत, पन्नासेक युरो सुटे जवळ असू द्या.

बायशात कोणी जवळ येऊन हळू आवाजात गांजा-चरस विचारेल. थांबू नका, उत्तर देऊ नका, तो पुढे निघून जातो. देश एरवी सुरक्षित आहे, भीती फक्त खिसेकापूंची. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि रंगीत प्रत बरोबर. चोरी झालीच तर रेश्तौरादोरेश चौकात पर्यटकांसाठीचं पोलिस ठाणं आहे, तक्रारीची प्रत तिथून घ्या, विम्याला तीच लागते. आणीबाणीचा क्रमांक 112.

परतीचा दिवस

तीन तास आधी पोचा. सुरक्षा तपासणी झाली की दुकानांत रमू नका, पासपोर्ट तपासणी त्यापुढे असते आणि खरी रांग तिथेच लागते. एका दुकानात साठ-बासष्ट युरोंच्या वर खरेदी केली असेल, तर पासपोर्ट दाखवून करपरतीची पावती आधीच घेतलेली हवी. ती विमानतळावरच्या मशीनवर, बॅगा आत देण्यापूर्वी, मंजूर करून घ्या, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. पोर्टची बाटली कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. भारतात प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं.